गंगेकडे निघालेला निरोप

बाटली माझ्या हातून फुटली, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढचं सगळं रामायण त्या फुटक्या बाटलीमुळे झालं, आणि आमच्या घरात आजही तो विषय निघाला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडेच वळतात.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. लाखनीला हायवेच्या कडेला माझं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. माझी माय देवकाबाई गावात माझ्यापेक्षा जास्त ओळखीची. पाटीवर चांगलं मोठ्या अक्षरांत 'गोपीचंद किराणा' लिहिलेलं असूनही लोक 'देवकाबाईच्या पोराचं दुकान' म्हणूनच पत्ता सांगायचे. मी चाळिशीला टेकलो तरी पोरगाच. माय मालीश करायची. बाळंतीण, तान्हं लेकरू, धानाच्या रोवणीत कंबर धरलेली बाई, झाडावरून पडलेला गडी, सगळे आमच्या छपरीत यायचे आणि बहुतेक जण येताना कण्हत आणि जाताना बोलत जायचे.

मालिशीचं तेल जवसाचं. पण त्यात सोंसाचा गुण उतरवलेला असायचा, आणि हे जरा सावकाश सांगायला हवं. सोंस म्हणजे गंगेतली मोठी मासोळी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. माझा मोठा काका काशीला जाऊन आला तेव्हा त्या मासोळीच्या तेलाची एक बाटली घेऊन आला होता. हाडाच्या दुखण्यावर तिकडे ते नामी समजतात. मायनं ते तेल कधी संपू दिलं नाही. बाटली अर्ध्यावर आली की वरून जवसाचं तेल भरायचं, हलवायचं आणि आठ दिवस उन्हात ठेवायचं. दह्याचं विरजण आपण राखून ठेवतो, तसलाच प्रकार. जुन्या तेलाचा गुण नव्यात उतरतो असं ती म्हणायची, आणि तीस वर्षं ती हेच करत आली होती.

आता माझी माय गळ्यात तुळशीची माळ घालणारी. घरात अंडं आलेलं तिला चालत नसे. मग मासोळीचं तेल कसं चाललं? तर काशीच्या पंड्यानं काकाला सांगितलं होतं की ही मासोळी म्हातारी होऊन आपल्या मौतीनं मरते, मग गंगामाय तिला काठाला आणून लावते आणि तेव्हाच लोक तिचं तेल काढतात. कुणाचा जीव घेतलेला नाही म्हटल्यावर तेल पवित्र. तीस वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शंका आली नाही. काशीचा पंड्या म्हणतो म्हणजे झालं.

पोळ्याच्या आधी दुकानाची झाडझूड करताना मी फळीवरचं पीठ झटकायला फडका मारला आणि बाटली खाली. तेल फरशीवरून वाहत उंबऱ्याबाहेर गेलं. माय आली, तिनं बघितलं, आणि मला एक शिवी दिली नाही. तेच वाईट झालं. शिवी दिली असती तर तिथंच मिटलं असतं. काचा उचलता उचलता ती एवढंच म्हणाली, "आता माह्या हाताले का गुन राह्यते?"

त्या वेळी माझी धाकटी बहीण उषा पहिल्या बाळंतपणासाठी अड्याळहून माहेरी आलेली होती. आणि मायला तिच्या मालिशीचं फार होतं. पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि नेमकं त्याच वेळी तेल नाही. मी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होतो.

अशात रामसूरत भेटला. आमच्या दुकानाला लागून टेकचंदचं पंक्चरचं दुकान होतं. तिथं चाक काढायला लावून हा बिहारी ड्रायव्हर माझ्याकडे बिस्किटं घ्यायला यायचा. निळा ट्रक, मागच्या फळीवर मोर काढलेला. गंगेच्या काठचा आहे एवढं मला माहीत होतं, म्हणून सहज विचारलं. तो हसला. "अरे सेठ, सोंस तो हमारे घर के सामने उछलती है. चाचा मछुआ हैं. छठ के आसपास जाल में आ जाएगी. माई के नाम से एक टीन ले आऊँगा."

'जाल' हा शब्द मी ऐकला. खोटं कशाला बोलू, स्वच्छ ऐकला. पण उंबऱ्यावरचा तेलाचा डाग अजून गेला नव्हता. मी मान डोलावली आणि घरात जाऊन मायला सांगितलं की छठीच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या त्यांच्या सणाच्या सुमाराला नवं तेल येतंय.

"आपल्या मौतीनं मेलेली ना?" तिनं विचारलं.

"मग का तं," मी म्हणालो.

ऑक्टोबर लागला. साकोलीच्या एका क्लार्कच्या बायकोचं बाळ दिवसरात्र रडायचं, त्याच्या पोटावरून हात फिरवायला मायला बोलावणं आलं. मलाही साकोलीत सामान घ्यायचं होतं, म्हणून दोघं एसटीनं गेलो. काम आटोपून परत स्टँडकडे येताना रस्त्याच्या कडेला एक मांडव दिसला. वन्यजीव सप्ताह होता. नागझिऱ्याच्या जंगलामुळे साकोलीत असलं काही ना काही चालायचंच. आत दोऱ्यांवर चित्रं टांगलेली. कुण्या ड्रॉइंग मास्तरनं काढली असावीत, कारण वाघ मांजरासारखा दिसत होता आणि बिबट्याला दात जरा जास्तच होते. श्यामराव नावाचा नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा गार्ड, हातात छडी घेऊन लोकांना माहिती सांगत होता.

माय एका चित्रासमोर थांबली.

"हे का होय भाऊ, चिमट्यावानी तोंडाचं?"

"डॉल्फिन म्हनतेत, माय. आपल्या वैनगंगेत नाही राहात. मोठ्या गंगेत राह्यते. तिकडचे लोक सोंस म्हनतेत तिले."

"अगा बाप्पा! गोप्या, हे तं आपल्या तेलाची मासोळी!"

मी म्हणालो, "चाल, गाडी सुटन." माय हलली नाही.

"मासोळी नाही थे," श्यामराव म्हणाला. "दिसते मासोळीवानी, पन आहे गाई-म्हशीवानी. हवा घ्यायले पान्याच्या वर येते. पिल्लू पोटात वागवते, अन् जन्मलं की त्याले दूध पाजते."

"पान्यात?"

"पान्यात."

"दूध?"

"दूध, माय. अन् डोळ्यानं दिसत नाही तिले. आंधळीच म्हना. आवाजाच्या अंदाजानं फिरते. एका वेळी एकच पिल्लू, थे बी दोन-तीन वर्षांतून एकदा. तेलासाठी मारू मारू कमी करून टाकल्या लोकाईनं."

"मारत नाही तिले," माय ठासून म्हणाली. "आपल्या मौतीनं मरते थे."

"कोनं सांगतलं?"

"काशीच्या पंड्यानं."

आजूबाजूचे लोक हसले. श्यामराव हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं छडी काखेत धरली आणि आपल्याच मावशीशी बोलावं तसं हळू बोलला. "मेलेली सोंस कवा काठाले लागन, अन् कोन वाट पाह्यत बसन, माय? जाळं लावतेत. जाळ्यात गुतली की वर येता येत नाही. हवा भेटत नाही, अन् पान्यात राहूनशान पान्यातच बुडून मरते. लेकुरवाळी असली तं पिल्लू तेथूनच घिरट्या घालत राह्यते. आता कायदा आहे. वाघाले जो कायदा, थोच हिले. पन कायदा गंगेपर्यंत पोचला पाहिजे ना."

माय माझ्याकडे वळली. मी त्या बहुदंती बिबट्याकडे बघत उभा होतो.

"गोप्या. छठीले जे येऊन राहिलं, थे कसं येऊन राहिलं?"

चाळीस वर्षांचा बाप्या, पण तिनं असं विचारलं की मला चौथीतला गोप्या व्हावं लागायचं. मी सांगितलं. जाळं, चाचा, छठ, सगळं सांगितलं.

"कोनाच्या नावानं सांगतलं तू?"

"तुह्या."

"मंजे माह्यासाठी मारतीन थे," ती म्हणाली आणि तिथंच मांडवाच्या बांबूला धरून खाली बसली.

मला वाटलं आता रडेल. पण ती उठली, पदर खोचला आणि भर गर्दीत श्यामरावला म्हणाली, "भाऊ, माह्या ह्या पोरानं एक सोंस मारायले सांगतली आहे. थांबव तिले." मी जमिनीत जायचाच बाकी राहिलो. कायदा, वाघ, कैद, सगळं माझ्या डोळ्यांसमोर फिरलं. श्यामरावनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली, बाटलीसकट.

"तीस वर्षं अर्ध्यावर जवस भरत गेल्या तं त्या बाटलीत सोंस उरलीच नसन, माय," तो म्हणाला. "लोक बरे झाले थे तुमच्या हातानं अन् जवसानं. जीवाले लावून नका घेऊ."

"मागचं राहू दे. पुढची वाचव."

"मी कागद लिहितो. साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, तेथून पुढे पाटणा." मग तोही खरं बोलला. "पन होळीपर्यंत पोचला तरी नशीब समजा. त्या ड्रायव्हरले कोनी गाठलं तं काही होईन."

त्याला गाठायचं कसं? रामसूरतच्या गावाचं नाव मला माहीत नव्हतं. मालकाचं नाव माहीत नव्हतं. ट्रक निळा आणि मागे मोर, एवढ्या पत्त्यावर पोस्टमन काही जात नाही. पण लाखनीला उतरल्यावर घरी जायच्या आधी माय सरळ टेकचंदच्या दुकानात शिरली.

टेकचंद माणूस गोडबोल्या. दिवसभर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचा आणि जगातल्या सगळ्या ट्रकांची खबर ठेवायचा. "रामसूरत आता कोठं असन मले का मालूम," तो म्हणाला. "पन बिहारचे गाडीवाले एकमेकाईले वळखतेत. एकाच ढाब्यावर जेवतेत, एकाच झाडाखाली निजतेत. दहा जनाईले सांगतलं तं एक तरी त्याले भेटन."

दुसऱ्या दिवसापासून पंक्चरच्या दुकानासमोर कडुलिंबाखाली एक बाज पडली. बाजेवर माझी माय, बाजूला माझ्याच दुकानातल्या जवसाच्या तेलाची वाटी. बिहारच्या नंबराचा ट्रक दिसला की टेकचंद चाकाकडे बोट दाखवून हात हलवायचा. ड्रायव्हर घाबरून थांबायचा. चाकाला काही झालेलं नसायचं. तो चिडून उतरायचा, तेवढ्यात माय म्हणायची, "बस खाली बाबू, मान दाखव." बारा-चौदा तास स्टेअरिंग धरून आलेली ती माणसं. मायचा अंगठा मानेच्या मुळाशी बसला की राग गेलाच म्हणून समजा. डोळे मिटून बसायचे. मग त्यांच्या कानाशी निरोप सुरू व्हायचा.

"रामसूरतले वळखतो? निळी गाडी, मागे मोर. त्याले सांगजो, लाखनीची देवकाबाई म्हनते, तेल नको. जाळं लावू नको. सोडून दे तिले. का सांगशीन?"

आणि ड्रायव्हरनं तो निरोप तिला परत म्हणून दाखवायचा. चुकला तर मान सोडायची नाही. एकदा तर पंजाबकडे निघालेला एक सरदारजी नुसता मालिशीच्या आशेनं येऊन बसला. त्याची वाट बिहारच्या उलट दिशेला. मायनं त्यालाही निरोप पाठ करायला लावला. मी म्हटलं, "माय, हा अमृतसरले जाऊन राहिला." ती म्हणाली, "जाऊ दे. रस्त्यात कोनी भेटन त्याले."

एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती, ती मी बोलून टाकली. "तेल तं साधंच आहे माय, तरी माना मोकळ्या होऊन राहिल्या."

"ह्या दांडग्याईच्या मानेले साधंच पुरते," तिनं मला उडवून लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उषा बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. मी पेढे आणले, गल्लीत वाटले आणि मायच्या समोर डबा धरला. तिनं पेढा घेतला, नातीकडे बघितलं, डोळे भरून बघितलं, पण हात पाठीमागे बांधून. "मी नाही लावत हात," ती म्हणाली. "माह्यासाठी तिकडे एक लेकुरवाळी मरनार असन, तं हा हात मी बाळंतिणीले कसा लावू? समजू दे पहिले."

सगळ्यांनी समजावलं. माझ्या बायकोनं समजावलं, नर्सबाईनं समजावलं. उषा तर भडकलीच. आधीच ओली बाळंतीण, अंग ठणकतंय, आणि पंचक्रोशीतल्या बायकांना मोकळं करणारी स्वतःची आई हात बांधून दारात उभी.

"साऱ्या ट्रकवाल्याईच्या माना चोळतं, अन् मले सोडलं? गंगेतल्या एका मासोळीसाठी?"

"मासोळी नाही थे," माय म्हणाली.

मग शेजारच्या कुंताबाईला बोलावलं. कुंताबाई मनानं चांगली, हातानं म्हशी धुणारी. बाळाला पायावर घेऊन ती पाणी ओतायला लागली की बाळ असं किंचाळायचं की दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं. माय उंबऱ्यात उभी राहून सांगायची, "कुंते, मान धर. पानी गरम झालं. टाळूवर हळू. अवो, हळू!" तिचे हात पाठीमागे असायचे आणि बोटं आपली चालू असायची. मला ते बघवत नव्हतं. मी दुकानात जाऊन उगाच डाळीचे डबे पुसत बसायचो. हे सगळं मी केलं होतं. एका 'मग का तं' नं केलं होतं.

दिवाळी आली तशी गेली. बाजेवरचं काम चालूच होतं. टेकचंदच्या मोजणीप्रमाणे एकोणतीस ड्रायव्हर झाले. जाणारे सगळे 'हो माई' म्हणून जायचे, परत येणाऱ्यांपैकी कुणी म्हणायचा रायपूरला सांगून ठेवलं, कुणी म्हणायचा रांचीच्या ढाब्यावर सांगितलं. रामसूरत प्रत्यक्ष भेटला असं एकानंही सांगितलं नाही. छठ कधी आहे हे मी एका बिहारी क्लीनरला विचारून घेतलं होतं. तो दिवस उजाडला तेव्हा माय सकाळपासून बाजेवर बसली आणि टेकचंदला एकाही गाडीला हात दाखवू दिला नाही. आता निरोप पाठवून उपयोग नव्हता. पोचला असेल तर पोचला, नाहीतर नाही. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. संध्याकाळी ती उठली, बाज आत आणून ठेवली आणि मला म्हणाली, "पान्यात बुडून मरनं मंजे कसं लागत असन रे गोप्या, ज्याले हवा पाहिजे त्याले?"

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी गूळ फोडत होतो. टेकचंद ओरडला, "मोर! गोपीभाऊ, मोर!"

निळा ट्रक कडेला लागला. रामसूरत उतरला, दाराच्या आतून त्यानं एक टीन ओढला आणि खांद्यावर घेऊन माझ्या दुकानाकडे यायला लागला. रिकामा टीन माणूस बोटावर धरून आणतो. हा टीन त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, चालताना एका बाजूला झुकत होता. मी गुळाची सुरी खाली ठेवली. माय छपरीतून पुढे आली होती. तिनंही टीन बघितला, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

रामसूरतनं टीन फळीवर आदळला. "माई, तूने तो पूरे रोड पर मेरा नाम खराब कर दिया," तो म्हणाला. "रायपूर में बोले, रांची में बोले. गाँव पहुँचा तो घर में पाँव रखने से पहले पड़ोस का ड्राइवर बोला, माई को तेल नहीं चाहिए."

"अन् हे का होय?" मायनं टीनाकडे बोट दाखवलं.

"सरसों का है. अम्मा ने भेजा है तेरे लिए."

मी सुरीच्या टोकानं झाकण उचकटलं आणि नाक खुपसलं. मोहरीचं तेल असं नाकात चढलं की डोळ्यांतून पाणीच आलं. मासोळीचा वास औषधालासुद्धा नव्हता. "मोहरीचं आहे माय!" मी ओरडलो. "खरंच मोहरीचं!"

मायनं टीन हुंगला, मान हलवली, पण ती काही मोकळी झाली नाही. "अन् थे?" तिनं विचारलं.

यावर रामसूरतनं खाली बघितलं.

त्यानं सांगितलं ते असं. निरोप त्याला वाटेत मिळाला होता, पण तो घरी पोचायच्या आदल्याच संध्याकाळी चाचाच्या जाळ्यात एक सोंस आली होती. मोठी, मादी. पुतण्याला तेल ताजं हवं म्हणून चाचानं तिला मारलं नव्हतं, काठाजवळच्या उथळ पाण्यात जाळ्यासकट अडकवून ठेवलं होतं. सकाळी रामसूरत गेला तेव्हा ती उथळात नाक वर काढून श्वास घेत होती, आणि जाळ्याच्या पलीकडे एक पिल्लू घिरट्या घालत होतं. चाचा सोडायला तयार होईना. म्हणाला, आलेली लक्ष्मी कुणी सोडतं का? तेव्हा रामसूरत त्याला म्हणाला, "चाचा, ये तेल लेकर मैं उस रोड से निकला तो कोई मुझे चाय नहीं पिलाएगा. पूरा रोड जानता है." पुतण्याची गाडी त्या रस्त्यावर चालते आणि घर त्या गाडीवर चालतं, हे चाचाला समजत होतं. बराच वेळ तो बिडी ओढत बसला. मग स्वतःच पाण्यात उतरला आणि त्यानं दोरी सोडली.

"आधी तर ती हललीच नाही," रामसूरत सांगत होता. तो हे त्याच्या हिंदीतच बोलत होता आणि हातानं करून दाखवत होता. "मग एकदम खाली गेली. मला वाटलं गेलीच, मेली. मग पार मधल्या धारेत वर आली. फुस्स करून श्वास घेतला."

"अन् लहानी?" मायनं विचारलं.

"उसके बगल में, माई. छोटा-सा फुस्स. मैं खड़ा रहा. दो बार देखा. दोनों बार दो."

माय त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं बोलणारा माणूस ती ओळखायची. त्या बाबतीत माझ्यावर तिचा बराच सराव झाला होता. मग तिनं त्याच्या तेलकट शर्टाच्या खांद्यावर हात ठेवला, एकदा थोपटलं, माझ्या फळीवरचा साबण न विचारता उचलला आणि हातपंपावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. टेकचंद पंप मारत होता आणि काहीएक कारण नसताना हसत होता. हात धुऊन ती तशीच ओल्या हातांनी मागच्या दारानं घरात गेली. मी गल्ला उघडा टाकून तिच्या मागे.

न्हाणीत कुंताबाईनं नुकतंच बाळाला पायावर घेतलं होतं आणि बाळानं पाण्याआधीच सूर लावला होता.

"ऊठ, कुंते," माय म्हणाली.

कुंताबाईनं वर बघितलं आणि मुकाट्यानं पाट सोडला. माय बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पाय लांब केले आणि सत्तावीस दिवसांच्या नातीला पहिल्यांदा हातात घेतलं. आतल्या खोलीतून उषानं ओरडून विचारलं, "आटपलं का तुह्यं गंगेचं?"

"आटपलं वो माय. घडीभरात येतो तुह्याकडे, आंगावरचं काढून ठेव."

बाळ रडायचं थांबलं नाही, उलट जास्तच जोर केला. माय तेलाची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवत होती आणि त्याच्या कानाशी वाकून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "वाचल्या बाई, दोघी बी वाचल्या." मी दारात उभा राहून लहान पोरासारखा रडत होतो, आणि कुंताबाई मला विचारत होती की अरे, कोण वाचल्या?